सोळा नंबरच्या स्लाइडला तुझा नकार

वसंता,

तुझ्या तेराव्याच्या जेवणात मी बुंदी दोनदा मागून घेतली, हे आधीच कबूल करतो. पहिल्यांदा वाढणाऱ्याने आग्रह केला म्हणून, दुसऱ्यांदा राग आला म्हणून. राग आला की मला भूक लागते, हे तुला माहीत आहे. आणि त्या दिवशी धुळ्यात, तुझ्या अंगणातल्या मांडवाखाली मला जो राग आला, तसा गेल्या तीस वर्षांत आला नव्हता. शिव्या द्यायला तू समोर नव्हतास. फोटो होता, फोटोला हार होता. हार घातलेल्या माणसाशी भांडलं तर लोक आपल्यालाच धरून घरी पोचवतात. म्हणून हे लिहितोय.

झालं असं, की सत्तावीस-अठ्ठावीसची एक मुलगी बुंदीचं पातेलं घेऊन माझ्या पानापुढे थबकली.

"सर, तुम्ही जळगावचे ना? बॉटनीचे?"

"होतो. रिटायर झालो. आता नुसताच जळगावचा."

"म्हणजे सोळा नंबरवाले सर तुम्हीच!"

मी मान डोलावली. मनात म्हटलं, बघा, वसंता वर्गातसुद्धा माझी टिंगल करत होता. "हो, मीच तो," मी म्हणालो. "तुमच्या सरांनी अकरा वर्षं जिला रांगोळी म्हटलं, त्या स्लाइडवाला."

ती हसली. "रांगोळी? नाही हो सर. ते तर एफवायच्या पहिल्याच तासाला तिचा फोटो भिंतीवर लावायचे. म्हणायचे, ही बघा दीडशे कोटी वर्षांपूर्वीची साखळी, ही मोठी पेशी बघा. जळगावच्या एका मास्तराने ओळखली. मी पन्नास वेळा खोडायला बसलो, खोडता आली नाही."

"हे कधी?"

"मी एफवायला होते तेव्हा. नऊ वर्षं झाली. पण आमच्या सीनियर्सनाही दाखवली होती म्हणे." मग माझं तोंड बघून तिने घाबरून विचारलं, "बुंदी वाढू का?"

"वाढ," मी म्हणालो.

तिचं नाव मनीषा, तुला माहीतच आहे. आता तीही कॉलेजात दगड शिकवते. बोलते तुझ्यासारखीच, वाक्याच्या शेवटी समोरच्याला परीक्षेत बसवल्यासारखं. तिचा काही दोष नाही. पण नवऱ्याला सगळ्यांत शेवटी कळतं म्हणतात, तशी माझी गत झाली. धुळ्यातल्या विद्यार्थ्यांच्या इतक्या तुकड्यांना ठाऊक होतं की वसंत सर सोळा नंबर मानतात. ठाऊक नव्हतं ते फक्त जळगावहून दर महिन्याला एसटीने येणाऱ्या त्या मास्तराला, ज्याच्यापाशी तू डोळ्याला डोळा न भिडवता म्हणायचास, "हाई जीव नही शे, भाऊ. हाई बठ्ठी रांगोयी शे."

जीव नाही, सगळी दगडातली नुसती नक्षी. घरात आणि भांडणात तू अहिराणीत यायचास. मी जामनेरकडचा, त्यामुळे माझी बोली तुला कधी मराठी वाटलीच नाही. "तुम्ही पूर्वेकडचे लोक बोलता की केळीला पाणी देता?" हे तुझंच.

आपण एकत्र आलो ते मुळात एका अडचणीतून. मला नीलहरित शैवालाचं वेड. त्याला शैवाल म्हणतात, पण ते शैवाल नव्हेच, जिवाणू. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू भरला तो यांनी, आणि त्याबद्दल आजवर कुणी यांचा साधा सत्कार केलेला नाही. मेहरूणच्या तलावातून बाटलीभर हिरवट पाणी आणून मी वर्षानुवर्षं पोरांना ते तंतू दाखवले. पण यांचे पूर्वज बघायचे तर फार जुना दगड लागतो, आणि आपल्या खानदेशात पायाखाली सगळा काळा पत्थर, सहा-साडेसहा कोटी वर्षांचा. तू म्हणायचास, "तो तर काल संध्याकाळचा आहे." खरा म्हातारा दगड सातपुड्यापलीकडे, नर्मदा ओलांडून. तो आणायला आपण गेलो तेव्हा मी स्वतः निवडलेले बारा किलो नमुने पाठीवर घेऊन नाल्यातून चढलो, दोनदा पडलो, आणि तू ते शिरपूरपर्यंत वाहू दिलेस. शिरपूरच्या स्टँडवर पिशवी उघडून म्हणालास, "ही रस्त्याची खडी आहे. ट्रकमधून सांडलेली." नाल्यातच का नाही सांगितलंस, विचारलं, तर म्हणालास, "तू खुशीत होतास."

बघ, दगा देण्याची तुझी रीत तेव्हाच कळायला हवी होती.

पण तो काळा, काचेसारखा फुटणारा जुना दगड, चर्ट, तू आणला होतास, पाच किलो, निमूटपणे. त्याचे काप तू हाताने करायचास. चकती काचेला चिकटवायची, मग दुसऱ्या काचेवर दगडी पूड आणि पाणी घेऊन घासत बसायचं, केसाहून पातळ होऊन दगडातून उजेड आरपार जाईपर्यंत. एका कापाला तीन-तीन दिवस. तुझ्या अंगठ्याची कातडी कायम सोललेली असायची. बँकेत अंगठा लावायची वेळ आली असती तर तुला कुणी ओळखलं नसतं.

आता कापसाची गोष्ट. ती मी गेली पंधरा-सोळा वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक निरोपसमारंभात सांगत आलोय, त्यामुळे इथे थोडक्यात. दिवाळीनंतरचे दिवस होते, आमच्या घरामागे कापसातून सरकी काढणारं जिनिंग सुरू. त्या दिवसांत आमच्याकडे चहाच्या कपातही तंतू निघतो. तू काप घासून दिला होतास. वरची काच डिंकाने लावायचं काम उरलं होतं. ते मी घाईने, खिडकी उघडी ठेवून केलं. आणि पाहतो तर काय! दगडात लांबलचक, पट्टीसारखा, मधूनमधून पीळ पडलेला तंतू! मी तुला विचारलं नाही. थेट एका वर्तमानपत्राच्या वार्ताहराला फोन केला. जिल्ह्याच्या पानावर चार कॉलम बातमी आली. फोटोत मी मायक्रोस्कोपात डोकावतोय, आणि मायक्रोस्कोपाचा दिवा बंद आहे. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं.

दुसऱ्या दिवशी तू एसटीने आलास, खिशात उजेड गाळणाऱ्या दोन काळसर काचा घेऊन. एक स्लाइडखाली धरलीस, एक वर, आणि वरची फिरवलीस. तंतूचं एक टोक दगडाबाहेर, डिंकात लोंबत होतं. भोवतालचा डिंक काळा पडला आणि त्या अंधारात ते ट्यूबलाइटसारखं पेटलं.

"दीडशे कोटी वर्षांत कोळसा झालेला जीव असा चमकत नाही," तू म्हणालास. "कापूस चमकतो. कोणत्या वाणाचा ते सांगू?"

बायको म्हणाली, शाल परत करून या. नारळाची चटणी आधीच झाली होती.

स्टँडजवळच्या खानावळीत भरीत-भाकरी पुढ्यात घेऊन तू मला शपथ घातलीस. अन्नावर हात ठेवून मी म्हणालो, यापुढे वसंताने हो म्हटल्याशिवाय कुठल्याही दगडाबद्दल तोंड उघडणार नाही. गंमत म्हणून घेतलेली शपथ. पण मी ती पाळली रे. मी उपास पाळले नाहीत, डॉक्टरांचं पथ्य पाळलं नाही, ती शपथ पाळली.

मग सोळा नंबर आला. तुझ्याच हातचा काप, वरची काचही तूच लावलेली, दारं-खिडक्या बंद करून. मी तुझ्या घरी खुर्चीत बसून भिंग वरखाली करत होतो आणि दगडाच्या पोटात, गारगोटीच्या कणांच्या आत, तपकिरी रंगाची एक साखळी हळूहळू स्पष्ट झाली. मण्यांसारख्या पेशी, आणि मध्ये एक मोठी, लांबट, जाड भिंतीची. ती मी ओळखत होतो. मेहरूणच्या पाण्यात उन्हाळा जवळ आला की आमचे तंतू अशीच एक पेशी फुगवतात, अडचणीच्या दिवसांसाठी शिदोरी बांधून ठेवलेली. ही कला सगळ्यांना येत नाही, त्या घराण्यातल्या एकाच शाखेला येते. आणि ती शाखा निपजली तीच हवेत प्राणवायू साठू लागल्यावर, असं बरेच जण मानतात. अशा लांबट पेशी इतरांनीही नोंदवल्यात, पण बहुतेक सुट्या. साखळीत, जागच्या जागी बसलेली? मी तुला हाक मारली.

तू पाहिलंस. बराच वेळ पाहिलंस. भिंगावरून डोळा न काढता म्हणालास, "नाही."

अकरा वर्षं तू नाही म्हणालास. नुसतं म्हटलं असतंस तर ठीक होतं, तू कारणं दिलीस. एकदा म्हणालास, हे स्फटिक वाढताना पडलेले डाग. मी ते खोडलं. मग म्हणालास, एकच साखळी आहे, एका थेंबाने पावसाळा होत नसतो. मी आणखी तीन अर्धवट साखळ्या शोधल्या. मग म्हणालास, "दोन शेजारच्या पेशी कुजताना एक झाल्या, म्हणून मोठी दिसते."

त्या एका वाक्यापायी मी गच्चीवर बावीस बरण्या मांडल्या. मेहरूणच्या तलावातले तंतू आणून आठ महिने कुजवले. दर आठवड्याला थेंब काढायचा, मोजायचा, चित्र काढायचं. वास असा, की शेजारच्या पाटील काकूंनी महापालिकेत तक्रार केली. पालिकेचा माणूस नाकाला रुमाल लावून गच्चीवर आला आणि म्हणाला, "आबा, काय मेलंय?" मी म्हटलं, "अजून मेलं नाही, तीच अडचण आहे." बायको दोन महिने माहेरी जाऊन राहिली, कारण तिने भावाच्या घराच्या रंगकामाचं दिलं, पण मला कळत होतं. शेवटी निष्कर्ष निघाला: पेशी कुजताना आकसतात, एकमेकींत मिसळत नाहीत. वही काखेत मारून मी धुळ्याला आलो. तू सगळी पानं उलटलीस आणि म्हणालास, "छान. पण बरणीत दीडशे कोटी वर्षं मावतात का?"

मनीषाला मी मांडवातच विचारलं, तिचं एफवाय कुठलं साल. बरण्यांचंच साल, वसंता. मी गच्चीवर नाक दाबून तुझ्या हरकतीला उत्तर शोधत होतो, तेव्हा तू भिंतीवर तीच साखळी लावून पोरांना सांगत होतास की ही खोडता येत नाही.

जेवण झाल्यावर मी सरळ वहिनींकडे गेलो. अशा दिवशी घरच्या बाईला असले प्रश्न विचारू नयेत, एवढं मलाही कळतं. तरी विचारलं.

"वहिनी, सोळा नंबरची स्लाइड म्हणून काही..."

"ती मोठ्या पेशीवाली ना?" वहिनी म्हणाल्या.

वहिनींनासुद्धा माहीत!

"मी किती वेळा म्हटलं त्यांना, भाऊंना एकदा सांगून टाका. तर म्हणायचे, ‘तो भोया शे. मी हो म्हटलं की दुसऱ्या दिवशी पेपरवाल्याला बोलावेल. पुन्हा लोक हसतील. मागे हसले तेव्हा सहा महिने घराबाहेर पडला नव्हता.’ तुमच्या काळजीनेच हो, भाऊ."

चार महिने. सहा नव्हे. पण असो.

ती कापसाची गोष्ट मी इतक्या ठिकाणी इतकी रंगवून सांगितलीय, की तिच्या मागचे ते चार महिने मीसुद्धा विसरलो होतो. स्टाफरूममध्ये कुणीतरी माझ्या टेबलावर सरकीची पुडी ठेवायचं. मी हसायचो, आणि तास संपला की मागच्या दाराने घरी यायचो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. ती गोष्ट ऐकून आजवर शेकडो लोक हसले असतील. तू मात्र कधीच हसला नाहीस, आता आठवतं. मी सांगायला लागलो की उठून चहा ठेवायला जायचास. मला वाटायचं, ऐकून ऐकून कंटाळलाय.

एवढं कळल्यावर माणसाने डोळे पुसावेत आणि माफ करून टाकावं. मी डोळे पुसले. माफ करायला जमत नाहीये.

तू म्हणशील, मी पेपरवाल्याला बोलावलंच असतं. खरं आहे, बोलावलं असतं. धावत गेलो असतो, दिवा लावायला या वेळीही विसरलो असतो. पण मग ती माझी फजिती झाली असती. आयुष्यभर मी माझ्या फजित्यांवरच तर जगलो. दुसरं भांडवल काय होतं माझ्याकडे? तू मला चुकीपासून वाचवलंस, आणि ते वाचवायला मला अकरा वर्षं खोटं सांगितलंस. शत्रू असतास तर समजलो असतो. ज्याच्या "नाही"वर मी दगडासारखा विश्वास ठेवला, तो माझ्या समोर एक आणि माझ्या पाठीमागे दुसरं बोलत होता. आणि पाठीमागे बोलत होता ते माझं कौतुक! याची तक्रार तरी कुणाकडे करायची? लोक म्हणतात, किती भाग्यवान तुम्ही.

आणखी एक बोचतं. मी भोळा, हे तू ठरवलंस त्या कापसाच्या दिवशी. त्यानंतर मी बरण्या मांडल्या, साखळ्या शोधल्या, तुझ्या प्रत्येक हरकतीला कागदावर उत्तर दिलं. तरी तुझ्या लेखी माझी प्रगती शून्य. नापास केलेल्या पोरालासुद्धा तू दर वर्षी नव्याने तपासायचास, वसंता. मला नाही तपासलंस.

वहिनींनी निघताना स्लाइडची पेटी हातात दिली. गेल्या आठवड्यात मनीषा जळगावला आली. तिचं म्हणणं, हे आता पाठवायचंच, परदेशातल्या एका नियतकालिकाकडे, आपल्या दोघांच्या नावाने. कॉम्प्युटरवरचा फॉर्म ती भरत होती. एका ठिकाणी चौकट आली: सर्व लेखकांची या निष्कर्षाला संमती आहे.

"टिक करते, सर."

"थांब. त्याची संमती कुठे आहे?"

"अहो, मी स्वतः ऐकलीय. आमच्या वर्गातली सगळी पोरं साक्षीला उभी करते."

"तुम्हाला दिली असेल. मला नाही दिली."

"सर, आता तरी हट्ट..."

"हट्ट नाही. मला तो नाही म्हणाला होता. माझ्याकडे त्याचं तेवढंच आहे."

ती अगदी तुझ्यासारखी म्हणाली, "मग काय करायचं ते तुम्हीच सांगा."

मी सांगितलं. दावा एकट्या माझ्या नावावर. आणि शेवटी एक वेगळा भाग, तुझ्या पूर्ण नावानिशी: या साखळीला हरकती. स्फटिकाचे डाग, एकटी साखळी, कुजलेल्या पेशी, सगळ्या सहा, तू घ्यायचास तशाच धारदार. पाणी घालून एकही मवाळ केली नाही. माझी उत्तरं त्यांच्याखाली. तुझा होकार मला तिसऱ्याकडून नको होता. नकार माझ्या हक्काचा होता, तो छापायला दिला.

त्यासाठी सोळा नंबर पुन्हा पाहायला बसलो, या वेळी तिला खोडायचं ठरवूनच. दुपारभर पाहिलं. साखळीच्या डाव्या टोकाला, शेवटच्या तीन पेशींना लागून एक अगदी बारीक रेघ जाते. बुजलेली भेग. दगड कधीकाळी तडकला, फटीत पाणी गेलं, त्यातून गारगोटी साचली आणि फट भरली. मग त्या फटीतून नंतरचा एखादा जीव आत येऊन अडकला असेल तर? साखळी खरी, पण दगडाएवढी जुनी नाही. बाकीची साखळी भेगेपासून दूर आहे, हे खरं. पण टोक तिथे आहे, हेही खरं. अकरा वर्षांत ही हरकत तू कधी काढली नाहीस. तुला दिसली नव्हती, की दिसून तू बोलला नाहीस, ते मला आता कळायचं नाही. आणि तिला माझ्याकडे उत्तर नाही.

मनीषाने वाचून विचारलं, "सर, ही सातवी लिहायलाच हवी का? कुणाच्या लक्षातही येणार नाही. याने सगळंच डळमळतं."

"लिही."

"सरांच्या नावाखाली?"

"नाही. ती माझ्या नावाखाली."

तिने लिहिली. परवा सकाळी पाठवलं. पेपरवाल्याला फोन केलेला नाही.